गाडी मागून बसतेय म्हणून शॉकअप बदलताय? आधी वजनकाट्यावर चला

रात्रीची वेळ. एक पिकअप घाट चढतेय. हौद्यात पाण्याचे आणि डिझेलचे कॅन, फ्रिज, टूलबॉक्स. टपावर तंबू. आत चार माणसं. समोरून येणारा प्रत्येक जण डिपर मारतोय. ड्रायव्हर वैतागलाय, कारण हेडलाइट तर लो बीमवरच आहे.

मग उजेड समोरच्याच्या डोळ्यांवर का जातोय? कारण गाडी मागून बसली आहे आणि तिचं नाक वर गेलंय.

प्रश्न फक्त हेडलाइटचा नाही. नाक वर गेलं म्हणजे पुढच्या चाकांवरचं वजन कमी झालं. स्टेअरिंगही तीच चाकं करतात आणि ब्रेकचं बरंचसं कामही त्यांच्याकडेच असतं. मागच्या बाजूला कमान आधीच दबलेली असल्यामुळे पुढच्या खड्ड्यात धातू धातूवर आपटतो. स्पिती, झंस्कारसारख्या भागात असं दिवसभर होत राहिलं तर कधी पाटा तुटतो, कधी शॉकअप फुटतो. मदत मात्र शंभर किलोमीटर लांब असू शकते.

इसुझूची डी-मॅक्स व्ही-क्रॉस २०१६ मध्ये भारतात आली, टोयोटाची हायलक्स २०२२ मध्ये. त्यानंतर पिकअपवर तंबू बांधून लांबच्या सफरीला निघणाऱ्यांची संख्या वाढली. त्यासोबत एक सल्लाही वाढला: "गाडी बसतेय? भारीतला शॉकअप टाक." हा सल्ला बहुतेक वेळा चुकीचा असतो. का, ते समजून घेऊ.

स्प्रिंग वजन उचलते, शॉकअप फक्त आवरतो

गाडीचं वजन स्प्रिंग उचलते. मग ती पुढची गोल कॉइल स्प्रिंग असो किंवा मागची पाट्यांची कमान. वजन जितकं वाढेल, तितकी ती दबते. रॉबर्ट हुक या इंग्रज शास्त्रज्ञाने हा नियम १६७८ मध्ये प्रसिद्ध केला. दुप्पट वजन, दुप्पट दबणं. टांग्याच्या कमानीपासून आजच्या पिकअपपर्यंत हेच तत्त्व चालत आलंय.

पण दबलेली स्प्रिंग सुटली की उसळी मारते, परत दबते, परत उसळते. ही उसळी थांबवणं हे शॉकअपचं काम. त्याच्या नळीत तेल असतं आणि पिस्टन त्या तेलातून बारीक वाटांनी सरकतो. तेल सहज वाट देत नाही, त्यामुळे हालचाल मंदावते. उसळीतली ऊर्जा उष्णता बनून बाहेर जाते.

म्हणजे गाडी उभी असताना साधा शॉकअप जवळपास काहीच उचलत नाही. गॅस भरलेले शॉकअप थोडा जोर लावतात, पण तो पाचशे किलोच्या सामानापुढे नगण्य असतो. त्यामुळे गाडी उभ्या उभ्या बसलेली दिसत असेल तर दोष स्प्रिंगचा किंवा सामानाचा. चालताना डुलत, उसळत असेल तर आधी संशय शॉकअपवर.

पहिली पायरी: वजनकाटा

स्प्रिंग विकणारा पहिला प्रश्न विचारेल, "किती लोड असतो?" बहुतेकांचं उत्तर असतं, "फार नाही, दोनेकशे किलो असेल." प्रत्यक्षात हिशोब करून पाहा.

- चार माणसं: ३०० किलो
- पाणी ६० लिटर: ६० किलो
- जादा डिझेल ४० लिटर: साधारण ३३ किलो
- टपावरचा तंबू: साधारण ६० किलो
- लोखंडी बंपर आणि विंच: साधारण ८० किलो
- फ्रिज आणि दुसरी बॅटरी: साधारण ५० किलो
- हत्यारं, जॅक, दोरखंड, फावडं: साधारण ६० किलो
- कपडे, शिधा, भांडीकुंडी: साधारण ६० किलो

बेरीज ७०० किलोच्या पुढे जाते. प्रत्येकाची गाडी वेगळी, आकडे वेगळे. म्हणूनच अंदाज नको. हायवेवरच्या एखाद्या वजनकाट्यावर गाडी घेऊन जा, तीही सफरीला निघताना असते तशी: टाकी फुल, सगळं सामान आणि माणसं आत.

तीन वजनं घ्या. आधी पूर्ण गाडीचं. मग फक्त पुढची चाकं काट्यावर ठेवून. मग फक्त मागची. शेवटच्या दोन आकड्यांची बेरीज पहिल्याच्या जवळपास आली पाहिजे. हेच सगळं रिकाम्या गाडीचंही एकदा करा. मागच्या एक्सलवर किती वजन वाढलं आणि पुढच्यावर किती, हे आता तुमच्या हातात आहे. स्प्रिंग या दोन आकड्यांवर निवडायची असते.

सोबत टेप घेऊन चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतची उंची चारही बाजूंना मोजा, रिकामी आणि भरलेली. पुढे काहीही बदललं तरी तुलना याच आकड्यांशी करायची आहे.

सामान किती, यासोबत कुठे, हेही महत्त्वाचं

मागच्या एक्सलच्या मागे ठेवलेलं वजन तरफेसारखं काम करतं. या दोन्ही पिकअपच्या पुढच्या-मागच्या चाकांमध्ये साधारण ३.१ मीटर अंतर आहे. समजा मागच्या बंपरवर, एक्सलपासून १ मीटर मागे, तुम्ही १०० किलोचं सामान लटकवलं: जादा स्टेपनी, कॅन वगैरे. मागच्या एक्सलवर १०० नाही, साधारण १३२ किलो वाढतात आणि पुढच्या एक्सलवरून ३२ किलो कमी होतात.

तेच १०० किलो मागच्या सीटच्या लगेच मागे, हौद्याच्या पुढच्या भिंतीला चिकटवून ठेवले तर ते दोन्ही एक्सलच्या मधे येतात आणि थोडा भार पुढची चाकंही घेतात. काही वेळा गाडी बसण्याचा अर्धा प्रश्न इथेच, एक रुपयाही खर्च न करता सुटतो. जड सामान खाली आणि पुढे, हलकं वर आणि मागे. टपावर शक्यतो फक्त तंबू.

कमान निवडताना: एक सोपं गणित

समजा एका पिकअपच्या मागच्या प्रत्येक कमानीवर रिकाम्या गाडीचे ३०० किलो येतात. कमानीचा कडकपणा सेंटीमीटरला ४० किलो आहे, म्हणजे ४० किलो ठेवले की ती १ सेंटीमीटर दबते. रिकाम्या गाडीत ती ७.५ सेंटीमीटर दबलेली असेल.

आता मागे ५०० किलो वाढले. प्रत्येक बाजूला २५० किलो. कमान आणखी सव्वासहा सेंटीमीटर दबली. चाकाला वर जायला जी मोकळी जागा होती, त्यातली बरीचशी गाडी उभी असतानाच संपली.

उपाय म्हणून सेंटीमीटरला ५५ किलोची कडक कमान बसवली. आता त्याच ५०० किलोंनी गाडी फक्त साडेचार सेंटीमीटर बसते. छान. पण सामान उतरवल्यावर काय होतं?

यासाठी एक झटपट सूत्र आहे. वजनामुळे स्प्रिंग किती सेंटीमीटर दबली आहे, त्याचं वर्गमूळ काढायचं आणि त्याने ५ ला भागायचं. गाडी सेकंदाला किती वेळा वर-खाली होईल, ते साधारण कळतं.

- मूळ कमान, रिकामी गाडी: सेकंदाला १.८ वेळा
- मूळ कमान, भरलेली गाडी: १.३५ वेळा
- कडक कमान, भरलेली गाडी: १.६ वेळा
- कडक कमान, रिकामी गाडी: २.१ वेळा

आरामदायी कार साधारण १ ते १.५ च्या दरम्यान असते. २ च्या पुढे गेलं की गाडी उड्या मारतेय असं वाटायला लागतं आणि ओल्या वळणावर मागची चाकं रस्ता सोडू शकतात. म्हणजे सफरीसाठी परफेक्ट असलेली कमान, वर्षातले उरलेले अकरा महिने ऑफिसला जाताना धोक्याची ठरू शकते.

म्हणून नियम असा: कमान सगळ्यात जास्त वजनासाठी निवडू नका, गाडीत कायम असलेल्या वजनासाठी निवडा. लोखंडी बंपर, कॅनोपी, ड्रॉवर हे वर्षभर गाडीवर असतात. चार माणसं आणि पाणी पंधरा दिवसांपुरतं. बाजारातले सेटही बहुधा याच हिशोबाने मिळतात: हलका लोड, मध्यम कायमचा लोड, जड कायमचा लोड. काट्यावरचे आकडे असतील तर यातला कोणता आपला, हे सांगता येतं.

पाटा वाढवायचा, नवा सेट घ्यायचा की एअर बॅग?

पाटा वाढवणं हा सगळ्यात स्वस्त उपाय. कमानीचं काम करणारे कारागीर हायवेवरच्या जवळपास प्रत्येक मोठ्या गावात भेटतात. पण पाट्याचा कडकपणा जाडीच्या घनाने वाढतो. रुंदी आणि लांबी तीच ठेवून ८ मिलिमीटरऐवजी १० मिलिमीटरचा पाटा घातला, तर तो पाटा जवळपास दुप्पट कडक होतो. 'थोडासाच जाड टाकलाय' या वाक्याचा अर्थ इतका मोठा असतो. कॉइल स्प्रिंगचं गणित तर आणखी तीव्र आहे: तार १४ ऐवजी १५ मिलिमीटरची असेल, बाकी सगळं तेच, तरी कडकपणा सुमारे ३२ टक्क्यांनी वाढतो.

पाटा वाढवला की कमानीची एकूण जाडी वाढते, त्यामुळे यू-बोल्ट लांब लागतात. जुनेच यू-बोल्ट ताणून पुन्हा वापरू नका. काही शे किलोमीटरनंतर ते परत आवळून घ्या. ढिल्या यू-बोल्टमुळे सेंटर बोल्ट तुटतो आणि एक्सल जागेवरून सरकतो.

कधीमधीच जास्त लोड असेल तर हेल्पर पाटा जास्त शहाणपणाचा. तो खाली वेगळा असतो आणि वजन एका मर्यादेपुढे गेलं तरच कामाला लागतो. रिकाम्या गाडीत मूळ मऊपणा टिकतो.

एअर बॅगचं आकर्षण समजण्यासारखं आहे. लोड भरला की हवा भरा, उतरवला की सोडा. पण कमान आपलं वजन चासीला पुढे आणि मागे, अशा दोन ठिकाणी देते. एअर बॅग तेच वजन चासीच्या मधल्या एकाच जागी ढकलते. त्यात हौद्याच्या टोकाला जड सामान आणि वेगात लागलेला खड्डा, असं एकत्र आलं तर चासी वाकू शकते. ऑस्ट्रेलियात कॅनोपी आणि कॅराव्हॅन घेऊन फिरणाऱ्या डबल-कॅब पिकअपच्या चासी वाकल्याच्या घटनांमुळे तिथे यावर बरीच चर्चा झाली आहे. गाडी समतल करण्यापुरती एअर बॅग ठीक. जादा माल लादण्यासाठी नाही.

स्पेसर टाकून फक्त उंची वाढते, ताकद नाही. बसलेल्या कमानीला ठोकून पुन्हा बाक दिला तरी तो फार काळ टिकत नाही.

पुढची बाजू विसरू नका

या दोन्ही पिकअपला पुढे कॉइल स्प्रिंग असते आणि ती आर्मवर, चाकापासून आत बसवलेली असते. चाक १० सेंटीमीटर वर गेलं तेव्हा स्प्रिंग समजा ६ सेंटीमीटरच दबली, तर चाकाला जाणवणारा कडकपणा स्प्रिंगच्या आकड्याच्या फक्त ३६ टक्के असतो. म्हणून पुढच्या आणि मागच्या स्प्रिंगच्या डब्यावरचे आकडे एकमेकांशी ताडून पाहण्यात अर्थ नाही.

लोखंडी बंपर आणि विंच असेल तर पुढे जास्त ताकदीची स्प्रिंग लागेलच. पण हौसेने उंची वाढवली की एक्सल शाफ्टच्या जॉइंटचा कोन वाढतो, त्यांचे रबरी बूट लवकर फाटतात आणि चाक खाली सुटायला जागा उरत नाही. खड्ड्यात चाक लोंबकळतं आणि वरून 'टक्' आवाज येतो, तो याचाच. स्प्रिंग बदलल्यावर व्हील अलाइनमेंट आणि हेडलाइटचा कोन तपासणं ऐच्छिक नाही.

आता शॉकअपची पाळी

स्प्रिंग नक्की झाल्यावरच शॉकअप निवडायचा. कारण त्याला किती आवरायचंय, हे स्प्रिंग आणि वजन मिळून ठरवतात. वरच्याच उदाहरणात कमान ४० वरून ५५ झाली आणि वजन ३०० वरून ५५० किलो. उसळी तितक्याच चांगल्या प्रकारे आवरायची तर शॉकअपचा जोर जवळपास १.६ पट लागतो. कंपनीचा मूळ शॉकअप तेवढा जोर लावू शकत नाही, म्हणून फक्त कमान बदललेल्या गाड्या होडीसारख्या डुलतात.

शॉकअपची दोन कामं वेगळी समजून घ्या. चाक वर जाताना तो दाबला जातो, हे कॉम्प्रेशन. दबलेली स्प्रिंग सुटताना तो ताणला जातो, हे रिबाउंड. स्प्रिंग कडक केली की तिच्यात साठणारा जोर वाढतो आणि तो सुटताना आवरावा लागतो. म्हणून जड गाडीत आधी रिबाउंड वाढवतात. कॉम्प्रेशन भरमसाठ वाढवलं तर प्रत्येक दगड थेट पाठीत बसतो.

दुसरा शत्रू उष्णता. कच्च्या रस्त्यावर पत्र्यासारख्या एकामागून एक सऱ्या पडलेल्या असतात. तिथे शॉकअप दर सेकंदाला अनेकदा हलतो. तेल तापून पातळ होतं, त्यात गॅस मिसळून फेस येतो आणि शॉकअप काम करेनासा होतो. गार झाला की परत ठीक. ट्विन-ट्यूब शॉकअप स्वस्त आणि दणकट असतो, पण उष्णता हळू सोडतो. मोनोट्यूबमध्ये नायट्रोजनचा दाब जास्त असतो आणि तेलाची नळी थेट हवेत असते, त्यामुळे तो लवकर गार होतो. मात्र त्याच्या नळीला दगडाचा पोचा पडला तर पिस्टन अडकू शकतो. वेगळी टाकी असलेल्यांत तेल जास्त, म्हणून सहनशक्तीही जास्त.

लांबीही जुळली पाहिजे. शॉकअप लांब असेल तर रबरी बंप-स्टॉपला टेकण्याआधी तोच आतून आपटतो. आखूड असेल तर लोंबकळणाऱ्या चाकाचं सगळं वजन त्याच्या बोल्टवर येतं.

ट्यूनिंग: गाडी काय सांगतेय?

क्लिक फिरवून जुळवता येणारा शॉकअप असेल तर मधल्या क्लिकपासून सुरुवात करा. टायरची हवा लोडप्रमाणे भरा, नाहीतर सगळे निष्कर्ष चुकतील. मग ओळखीचा दोन-तीन किलोमीटरचा रस्ता निवडा. एका वेळी एकच गोष्ट बदला, दोन क्लिकने, आणि लिहून ठेवा.

- स्पीडब्रेकरनंतर मागची बाजू दोन-तीन वेळा डुलते: रिबाउंड वाढवा.
- सलग खड्ड्यांत गाडी हळूहळू खाली खाली बसत जाते, मग आपटते: रिबाउंड जास्त झालंय. चाकाला परत खाली यायला वेळ मिळत नाहीये. कमी करा.
- बारीक खडीवर हादरे बसतात: आधी टायरची हवा पाहा, मग कॉम्प्रेशन कमी करा.
- मोठ्या खड्ड्यात धाडकन आपटते: उंची मोजा. गाडी आधीच बसलेली असेल तर स्प्रिंग कमी पडतेय. उंची बरोबर असेल तरच कॉम्प्रेशन वाढवा.
- वळणावर जास्त झुकते: आधी टपावरचं वजन कमी करा.

खराब रस्त्यावर अर्धा तास चालवल्यावर थांबा आणि चारही शॉकअपजवळ हात नेऊन पाहा. स्पर्श जपून करा, चटका बसू शकतो. तीन गरम आणि एक गार असेल तर तो गार शॉकअप काम करत नाहीये. तेल ओघळलेलं दिसलं तरी तेच.

उंची वाढली आणि ब्रेक कमी झाला

अनेक पिकअपमध्ये मागच्या एक्सलपासून चासीपर्यंत एक छोटी दांडी असते. ती मागच्या ब्रेकच्या व्हॉल्वला जोडलेली असते. गाडी किती बसली आहे त्यावरून ती लोड ओळखते. गाडी बसलेली, म्हणजे माल आहे, मागचा ब्रेक जास्त लागू दे. गाडी वर, म्हणजे रिकामी, मागचा ब्रेक कमी.

आता कडक कमान बसवून भरलेली गाडीही वर ठेवली. व्हॉल्वला वाटतं गाडी रिकामी आहे. ५०० किलो माल असताना मागचा ब्रेक कमी लागतो. उतारावर हे महागात पडतं. तुमच्या गाडीला असा व्हॉल्व असेल तर कमान बदलल्यावर त्याची दांडी पुन्हा जुळवून घ्या. सगळेच गॅरेजवाले स्वतःहून सांगतील असं नाही.

कमान वाढली म्हणून क्षमता वाढत नाही

एक्सल, बेअरिंग, ब्रेक, टायर आणि चासी यांपैकी काहीच कमान बदलल्याने बदलत नाही. आरसीवर आणि कंपनीच्या प्लेटवर लिहिलेलं कमाल वजन तेच राहतं. ऑस्ट्रेलियात प्रमाणित सस्पेन्शन किट लावून, तपासणी करून ही मर्यादा अधिकृतपणे वाढवून घेता येते. भारतात नुसती कमान बदलून आरसीवरचा आकडा हलत नाही.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतल्या तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये हेच स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनुसार बेकायदा बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. मर्यादेपेक्षा जास्त वजनासाठी २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये दंड आहे. म्हणून उंची बदलणारं काहीही करण्याआधी आरटीओ आणि विमा कंपनी, दोघांना विचारून घ्या.

थोडक्यात

क्रम असा ठेवा: वजनकाटा, मग सामानाची मांडणी, मग कायमच्या वजनाला जुळणारी स्प्रिंग, मग त्या स्प्रिंगला जुळणारा शॉकअप, आणि शेवटी क्लिक. यू-बोल्ट, अलाइनमेंट, हेडलाइट आणि ब्रेकचा व्हॉल्व प्रत्येक वेळी तपासा.

आणि काट्यावरचा आकडा कंपनीच्या मर्यादेच्या वर असेल, तर त्यावर कोणतीही कमान उपाय नाही. सामान उतरवा. वाटेत पाणी मिळणार असेल तर ६० लिटर पाणी घरूनच भरून नेण्याची गरज नसते.